'बॅटरी बॅकअप डबल करून देतो' म्हणणाऱ्याच्या हातात नवा फोन देऊ नका

नवा मोबाईल घेतला की पहिले काही दिवस त्याची बॅटरी भराभर उतरते. बहुतेक फोनचं हे होतंच आणि त्याला कारणंही साधी असतात. पण ती सांगणारं घरात कुणी नसेल तर माणूस हबकतो. पंधरा-सोळा हजारांची वस्तू, तीही हप्त्यावर घेतलेली, आणि दुपारी चारलाच मान टाकते म्हटल्यावर कुणाचाही जीव खालीवर होईल. माझ्या काकांचा झाला. नेमक्या त्याच दिवसांत एका मोबाईल दुरुस्तीवाल्याने त्यांना गाठलं, चांगल्या फोनमधली चांगली बॅटरी काढून घेतली आणि तिच्या जागी कचरा भरला. वर त्याचे पैसेही घेतले. तिकडच्या आणखी काही जणांना याच दुकानाने असंच लुबाडलंय हे नंतर कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

काका पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात राहतात. गावच्या दूध संस्थेचे सचिव आहेत. पहाटे पाचपासून फोन सुरू होतो: संकलन किती झालं, फॅट किती लागलं, टेम्पो कुठवर आलाय. त्यामुळे फोन बंद पडणं त्यांना परवडतच नाही. दसऱ्याला त्यांनी रीतसर दुकानातून, पक्क्या बिलावर नवा फोन घेतला. ५००० एमएएचची बॅटरी (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), ५जी, सगळं व्यवस्थित. जुन्या फोनमधले फोटो, व्हॉट्सॲपचे ग्रुप, सगळं त्यात उतरवून घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून बॅटरी टिकेना.

बाजाराच्या दिवशी ते तालुक्याच्या गावी गेले होते. तिथे एका दुरुस्तीच्या दुकानावर ठळक पाटी आहे, 'बॅटरी बॅकअप डबल करून मिळेल'. काकांनी सहज विचारलं. त्या माणसाने फोन हातात घेतला, डायल पॅडवर कसला तरी कोड दाबला आणि आकड्यांनी भरलेला एक पडदा उघडून काकांसमोर धरला.

"हे बघा काका, व्होल्टेज. ४.४ पाहिजे, तुमचं ३.८ दाखवतंय. सेल वीक आहे. कंपनीतनंच असा माल आलाय."

ही त्याची पहिली थाप, आणि ती नीट समजून घ्या, कारण आकडा दाखवला की आपण गप्प बसतो. आजकालच्या फोनमधली लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.४ व्होल्टच्या आसपास असते आणि वापरू तसा तो आकडा उतरत जातो. बॅटरी निम्मी असली की ३.८ च्या आसपासच दिसणार. काकांचा फोन तेव्हा निम्म्यावर होता. म्हणजे त्याने जो दोष म्हणून दाखवला, तो बॅटरी ठणठणीत असल्याचा आकडा होता.

काका म्हणाले, वॉरंटी आहे, कंपनीकडे देतो. त्यावर त्याची दुसरी थाप तयारच होती. "वॉरंटीत दिलात तर महिनाभर फोन ठेवून घेतील, डेटा उडवतील तो वेगळाच. मी तासाभरात ओरिजनल टाकून देतो, याच्यापेक्षा जास्त एमएएचची." आणि तिसरी, मला सगळ्यात लागलेली: "पहिल्या दिवशी आठ तास चार्जिंगला लावला होता का? नाही ना? मग बॅटरी बसणारच." म्हणजे चूकही काकांचीच! ही आठ तासांची गोष्ट जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातली आहे. लिथियम बॅटरीला तसलं काही लागत नाही, आणली तशी वापरायला घ्यायची. पण वीसेक वर्षांपूर्वी दुकानदार स्वतःच असं सांगायचे, त्यामुळे काकांच्या पिढीला ते खरं वाटतं. या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं.

"चहा घेऊन या तोवर," म्हणून त्याने काकांना बाहेर पाठवलं आणि फोन आतल्या खोलीत गेला. परत आले तेव्हा फोन १०० टक्के दाखवत होता. बॅटरीचे १,९०० आणि 'कॅलिब्रेशन'चे ३००, असे २,२०० रुपये यूपीआयने घेतले. बिल मागितल्यावर चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला. वर "बॅटरी सेव्हर टाकून दिलाय" म्हणून एक ॲपही फोनमध्ये घातलं. ते प्ले स्टोअरवरून घेतलेलं नव्हतं, व्हॉट्सॲपवर आलेली फाईल उघडून बसवलेलं होतं.

पहिले दोन-तीन तास काका खूश होते. आकडा १०० वरून हलतच नव्हता. हे असं का होतं ते सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं. किती टक्के उरले याचा फोन अंदाज बांधत असतो. बॅटरी परकी असली की तो हिशोबच बिघडतो: आकडा बराच वेळ वर अडकून राहतो आणि मग चाळीसवरून एकदम शून्यावर येतो. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतं तोवर मात्र सगळं झकास दिसतं.

दिवाळीला मी गावी गेले तेव्हा फोन दुपारीच बंद पडत होता, हातात धरवत नाही इतका तापत होता, आणि मागचं कव्हर एका बाजूने उचलल्यासारखं दिसत होतं. कव्हर उचलणं म्हणजे आत बॅटरी फुगायला लागल्याची खूण. असा फोन उशाशी घेऊन झोपू नका, चार्जिंगला लावू नका, आणि ते कव्हर हाताने दाबून बसवायला तर मुळीच जाऊ नका. लिथियम बॅटरी फुटली की पेट घेऊ शकते. आम्ही तो तसाच बंद करून कराडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला.

तिथल्या मुलाने आमच्यासमोर मागची बाजू गरम करून उघडली आणि बॅटरी टेबलावर ठेवली. लेबलवर मोठ्या अक्षरात ६५०० एमएएच. कंपनीचं नावही बरोबर, लोगोही तोच. त्याने पेनाचं टोक खालच्या बारीक ओळीवर टेकवलं. तिथे ३.८५ व्होल्ट आणि १५.४ वॉट-अवर (म्हणजे बॅटरीत साठणारी एकूण ऊर्जा) असं छापलं होतं. मग त्याने मोबाईलवरच हिशोब करून दाखवला. १५.४ ला ३.८५ ने भागलं की ४ ॲम्पिअर-अवर येतात. म्हणजे ४००० एमएएच, आणि तेही छापलेलं खरं धरलं तर. ६५०० खरी असती तर तिथे २५ वॉट-अवर हवे होते. फोनच्या मूळ बॅटरीवर ५००० एमएएच, ३.८७ व्होल्ट आणि १९.३५ वॉट-अवर असतात, तो हिशोब तंतोतंत जुळतो. डुप्लिकेट छापणारे वरचा मोठा आकडा फुगवतात, खालच्या बारीक ओळीकडे कुणी बघत नाही या भरवशावर. आणि फोनमधली जागा ठरलेली असते. कंपनीने ५००० बसवलेल्या त्याच खोबणीत कुणी तुम्हाला ६५०० देतो म्हणत असेल, तर तिथेच समजून जा.

दुसरी खूण म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक. आपल्याकडे मोबाईलच्या बॅटरीवर आयएस १६०४६ या मानकासह 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असणं बंधनकारक आहे. बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. या बॅटरीवरचा क्रमांक टाकला तर काहीच निघालं नाही.

वॉरंटी अर्थातच गेली. सील तुटलेलं, बाहेरची बॅटरी. त्या मुलाला वाईट वाटत होतं, पण त्याच्या हातात काही नव्हतं. मी त्याला एकच विनंती केली: हे सगळं जॉबशीटवर, म्हणजे सेंटरच्या दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, लिहून द्या. त्याने लिहून दिलं, शिक्का मारला. पुढे तोच कागद उपयोगी पडला. कंपनीची बॅटरी घालायला आणखी २,४०० रुपये गेले.

आता काकांची मूळ बॅटरी गेली कुठे? दुकानदार म्हणतो, स्क्रॅपमध्ये दिली. महिनाभरही न वापरलेली, चालू मॉडेलची अस्सल बॅटरी कुणी भंगारात टाकत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये 'ओरिजनल' म्हणून पूर्ण पैशात गेली असणार. माझ्या मते त्याचा खरा धंदा हाच आहे, २,२०० रुपये ही वरकमाई. म्हणून पार्ट बदलायची वेळ आलीच तर तो आपल्या डोळ्यांसमोर बदलून घ्या आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपन्या सहसा ठेवून घेतात, पण आपण पैसे मोजून बदलतोय तर जुना आपला आहे.

आणि ते ॲप. त्या ॲपने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेऊन ठेवली होती. ती दिली की ॲपला आपल्या स्क्रीनवर काय चाललंय ते वाचता येतं, आपल्या वतीने बटणंही दाबता येतात. काकांच्या त्याच फोनवर बँकेचं ॲप आणि दूध संस्थेचे मेसेज! ते काढून टाकेपर्यंत माझ्या पोटात गोळा होता. पुढे बँकेचा पिनही बदलून घेतला. बॅटरी वाचवण्यासाठी वेगळं ॲप लागतच नाही. अँड्रॉइडमध्ये ती सोय मुळातच आहे, आणि ही 'सेव्हर' ॲपं बाकीची ॲपं सारखी बंद करत बसतात, ती पुन्हा उघडताना उलट जास्त चार्जिंग खातात.

मग पहिल्या आठवड्यात बॅटरी उतरत का होती? फोन सेटिंग्जमध्ये बॅटरीचा वापर उघडून बघा, कुणी किती खाल्लं ते तिथे लिहिलेलं असतं. त्या माणसाने काकांना ते पान दाखवलंच नाही, आणि का ते उघड आहे. नव्या फोनमध्ये पहिले काही दिवस फोटो उतरत असतात, ॲपं अपडेट होत असतात, गॅलरी फोटोंतले चेहरे ओळखून लावत बसते. कुठलं ॲप तुम्ही वापरता आणि कुठलं नाही, हे शिकायलाही अँड्रॉइडला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढा धीर धरायचा.

काकांच्या बाबतीत याहून मोठं कारण निघालं ते रेंजचं. गाव दरीत, टॉवर डोंगरापलीकडे. रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो, आणि ५जी धड मिळत नसलं की ४जी आणि ५जीमध्ये सारख्या उड्या मारतो. फोनच्या माहितीत सिमचं स्टेटस उघडलं की सिग्नल किती ते उणे आकड्यात दिसतं. उणे ८५ असेल तर छान, उणे ११० च्या खाली गेलं की बॅटरीचे हाल. काकांच्या ओसरीवर ते उणे ११५ च्या आसपास होतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ५जी काढून ४जी ठेवलं. स्क्रीनचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा, १२० वरून ६० वर आणला. ज्या ॲपांना गरज नाही त्यांचं लोकेशन बंद केलं. दुचाकीच्या हँडलवर उन्हात फोन लावायची सवय होती, ती मोडायला लावली, कारण उष्णतेइतकं बॅटरीचं वाटोळं दुसरं काही करत नाही. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय त्या फोनमध्ये होती, ती चालू केली. आज तो फोन पहाटे पाचपासून रात्री झोपेपर्यंत टिकतो. यातल्या एकाही गोष्टीला एक पैसा लागलेला नाही.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा त्याने आधी ओळखच दाखवली नाही. "बिल आहे का?" बिल त्यानेच दिलं नव्हतं! ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मी त्याला सांगितलं. यूपीआयच्या नोंदीत त्याचं नाव, तारीख आणि रक्कम होती, ती दाखवली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घेतला. जॉबशीट, यूपीआयची नोंद, लेबलचे फोटो आणि त्या कच्च्या चिठ्ठीची प्रत जोडून स्पीड पोस्टने लेखी नोटीस पाठवली. नोटीस पोचल्यावर मात्र तो जागा झाला. काकांना फोन करून म्हणाला, "घरातल्या घरात मिटवू." २,२०० रुपये परत आले.

बॅटरी परत आली नाही, आणि गेलेल्या वॉरंटीबद्दल तो बोलायलाच तयार नाही. त्यासाठी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायचं ठरवलंय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. काकांनी त्यांच्याच दूध संस्थेतले आणखी दोघे शोधून काढलेत, त्याच दुकानात, त्याच पाटीला भुललेले. त्या दोघांच्या फोनमधल्या बॅटऱ्यांची लेबलंही आता आम्ही तपासून घेतोय.