काला केए-१५एस युकुलेली: गटात वाजवायला कशी आहे?

युकुलेली घेताना बहुतेक जण ती दुकानात एकट्यानं छेडून पाहतात आणि आवाज गोड वाटला की घेऊन टाकतात. पण हे वाद्य खरं खुलतं ते दहा-वीस जण गोलात बसून, सारखेच कागद समोर ठेवून, गात गात वाजवतात तेव्हा. तिथली कसोटी वेगळी. तारा दोन तास सुरात राहतात का? पहिल्या फ्रेटवरचे (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या) स्वर खरे लागतात का? आणि आज सामील झालेल्या माणसाला आजच गाण्यात शिरता येतं का? या तिन्ही बाबतींत काला कंपनीची केए-१५एस ही सोप्रानो (म्हणजे लहान आकाराची युकुलेली) नवख्या माणसाला बिनधास्त सुचवावी अशी आहे.

तिचं अंग महोगनीच्या लॅमिनेटचं, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेल्या लाकडाचं आहे. जाणकार लगेच ‘भरीव लाकडाची घ्या’ म्हणतात. एकट्यानं वाजवायची असेल तर ते बरोबर आहे, भरीव लाकडाचा आवाज भरदार असतोच. पण गटाची युकुलेली पावसाळ्यात रिक्षातून येते, एसीच्या खोलीत वाजते आणि पुन्हा दमट हवेत घरी जाते. भरीव लाकूड अशा बदलात फुगतं-आकसतं, फार कोरड्या हवेत त्याला चीरही पडते. लॅमिनेट हे सगळं निमूट सोसतं, आणि वीस जणांच्या वाजण्यात आवाजातला तो फरक कुणाच्याही कानाला कळत नाही. फक्त बंद गाडीत उन्हात ठेवू नका, घोडीचा डिंक सुटतो.

आता तारा. यावर अक्विला कंपनीच्या पांढऱ्या नायलगटच्या (एका कृत्रिम पदार्थाच्या) तारा येतात. नव्या तारा आठवडाभर ताणत राहतात, त्यामुळे पहिल्या बैठकीला ‘वाद्य खराब निघालं’ असं वाटण्याचा पुरेपूर संभव असतो. वाद्य ठीक असतं. घरी रोज प्रत्येक तार बोटानं हलकेच ओढून पुन्हा लावायची, म्हणजे ती लवकर बसते. लावताना स्वर चढा असेल तर आधी खाली उतरवायचा आणि मग वर चढवत आणायचा. वरून खाली आणून सोडला तर खुंटीत ढिलाई राहते आणि दोन गाण्यांत तार उतरते.

ट्यूनर क्लिपचाच घ्या. तो लाकडाची थरथर मोजतो, त्यामुळे शेजारी कितीही गलका असला तरी चालतो. मोबाइलचं ॲप माइकवर ऐकतं आणि बऱ्याचदा शेजारच्याचीच तार दाखवतं. ट्यूनरच्या पडद्यावर ए = ४४० (ए स्वराची कंपनसंख्या) आहे ना, हे दर वेळी बघा. बटण चुकून दाबलं गेलं की आकडा सरकतो आणि तुमची युकुलेली स्वतःशी सुरेल पण बाकी सगळ्यांशी बेसूर होते. डी ट्यूनिंगचंही तसंच. कॅनडातल्या शाळांमध्ये जे. चाल्मर्स डोन यांनी युकुलेली रुजवली ती ए-डी-एफ शार्प-बी या तारांवर, आणि काही ट्यूनरवर तो पर्याय अजून असतो. बोटांच्या जागा त्याच राहतात, स्वर मात्र दोन पट्ट्यांनी चढे येतात. गटात जी-सी-ई-ए हे नेहमीचं ट्यूनिंगच ठेवायचं.

विकत घेण्याआधी नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी, तपासा. या किमतीच्या कुठल्याही युकुलेलीत नटच्या खाचा थोड्या उथळ राहिलेल्या असू शकतात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटपाशी बघा: कागदाएवढी फट हवी. जास्त असेल तर एफ कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर) ई तारेचा पहिला फ्रेट दाबताना तार जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. मोकळ्या तारा बिनचूक आणि एफ मात्र कडू, असं झालं की कारण हेच. वाद्य दुरुस्त करणारा बारीक कानशीनं खाच उतरवून देतो, काम छोटं आहे. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची अडीच-तीन मिलिमीटरच्या आसपास असली की बोटं दुखत नाहीत.

गटाचं सुख नवख्याला पहिल्या दिवशीच मिळतं, कारण सी, ए मायनर, एफ आणि जी सेव्हन या चार कॉर्डवर ढीगभर गाणी उभी राहतात आणि सी तर एका बोटाची आहे. बी फ्लॅट आली की बोटं अडखळतात. तेव्हा उजवा हात चालू ठेवायचा, डाव्या हातानं तारा नुसत्या झाकायच्या आणि पुढच्या कॉर्डला परत शिरायचं. वीस जणांत ती रिकामी मात्रा कुणाला जाणवत नाही. घरी एकट्यानं वाजवताना गाणं तिथेच थांबतं.

मराठी गाणी घेणाऱ्या मंडळींसाठी पट्टीची गोष्ट महत्त्वाची. कागद बहुतेक पांढरी एकचे असतात आणि गाणारा म्हणतो काळी एक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की सीच्याच बोटांनी काळी एक मिळते. कॅपोनं तारा किंचित चढतात, म्हणून तो लावून झाल्यावर पुन्हा सूर बघा. केरव्याला ‘खाली, खाली-वर, वर-खाली-वर’ हे स्ट्रमिंग आठ मात्रांत चपखल बसतं, दादऱ्याला ‘खाली, खाली-वर, खाली-वर’.

सगळ्यांनी हेच एकसुरी वाजवलं तर मात्र नुसता खणखणाट होतो. निम्म्यांनी सी नेहमीच्या जागी धरावी, निम्म्यांनी ५-४-३-३ अशी वरची. एकानं ‘जी’ची तार खालच्या सप्तकातली लावावी. जमलं तर एक यू-बेस (युकुलेलीसारखा छोटा बेस) आणावा, त्याच्या तारा बेस गिटारसारख्याच ई-ए-डी-जी. लय पळते ती याच कारणानं, की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या अर्धी मात्रा पुढे राहू पाहतो. बेसचा ठोका असला की सगळे त्यालाच धरून राहतात.

केए-१५एस कुणी घेऊ नये? ज्यांची बोटं जाड आहेत त्यांनी. सोप्रानोत जी सेव्हनची तीन बोटं एकमेकांवर चढतात. त्यांनी हिचीच मोठी बहीण केए-१५सी ही कॉन्सर्ट घ्यावी, थोडे पैसे जास्त पडतात पण जागा ऐसपैस मिळते. ज्यांना कॉर्डऐवजी गाण्याची चालच वाजवायची आहे त्यांनाही सोप्रानोचे १२ फ्रेट कमी पडतील. पिशवी आणि क्लिपचा ट्यूनर बहुधा वेगळे घ्यावे लागतात, हिशेब करताना ते धरा. आणि शक्य असेल तर आधी एखाद्या बैठकीला रिकाम्या हातानं जा. जास्तीची युकुलेली कुणाकडे तरी असतेच, आणि दोन्ही आकार हातात धरून पाहता येतात.