बोट न टोचता शुगर सांगणारं घड्याळ

आमच्या मामांनी हे घड्याळ मोबाईलवर जाहिरात बघून मागवलं. किंमत ९,९९९ खोडून २,४९९. व्हिडिओत एका नामवंत डॉक्टरांचा चेहरा होता, पण ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. पैसे पार्सल दारात आल्यावर द्यायचे, मग फसवणूक होईलच कशी, असा मामांचा हिशेब. कुरिअरवाला आधी पैसे घेतो आणि मगच खोका देतो, हे त्यात धरलेलं नव्हतं.

मामा अडाणी नाहीत, हे मुद्दाम सांगते. सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते, उसाच्या रसातली साखर मोजण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. सुईलाही ते घाबरत नाहीत. अडचण ग्लुकोमीटरच्या, म्हणजे बोट टोचून शुगर मोजायच्या यंत्राच्या, पट्ट्यांची आहे. एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते आणि पेन्शन ईपीएस-९५ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली. ती किती असते, ते ज्यांना मिळते त्यांना विचारा. अशा जाहिराती नेमक्या याच माणसांना गाठतात.

घड्याळावर आकडे यायचे ५.६, ५.९, फार तर ६.१. आपल्याकडचा आकडा हवा असेल तर १८ ने गुणा, असं सोबतच्या कागदावर छापलेलं. काही देशांत शुगर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये; त्यामुळे हा गुणाकार खरा आहे, आणि म्हणूनच तर विश्वास बसतो. गुणलं की शंभर ते एकशे दहा. आमरस-पुरी खाऊन दुपारी ताणून दिली तरी एकशे दहाच! मामा खूश. ग्लुकोमीटर कपाटात गेला, रात्रीची गोळीही अधूनमधून राहू लागली.

नवी चप्पल चावून अंगठ्याला झालेली जखम भरेना, तेव्हा मामींनी त्यांना दवाखान्यात नेलं. उपाशीपोटी शुगर २६८. तीन महिन्यांचा अंदाज देणारं एचबीएवनसी १०.४. मनगटावर त्या वेळी १०६.

घरी आल्यावर मी ते घड्याळ दुधी भोपळ्याला बांधलं. नाडी ७६, ऑक्सिजन ९८, शुगर ५.८. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे गं."

घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा खोटा नसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, ठोक्यागणिक ते प्रमाण बदलतं, त्यावरून नाडी समजते. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त लाल व इन्फ्रारेड प्रकाश वेगवेगळा शोषतं, म्हणून ऑक्सिजनचाही अंदाज येतो. साखरेची अशी ठळक खूण नाही. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. कातडी, चरबी आणि पाणी यांच्या आडून ती बाहेरून ओळखणं भल्याभल्या कंपन्यांना जमलेलं नाही. २००१ मध्ये अमेरिकेत 'ग्लुकोवॉच'ला मंजुरी मिळाली होती. ते मंद वीजप्रवाहाने कातडीतून द्रव ओढायचं. त्याने कातडी लाल व्हायची, आणि जुळवणीसाठी बोट टोचावं लागायचंच. तेही बाजारातून गेलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, स्पष्टच बजावलं की कातडीला न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. मामांचं नुसतं औषध कमी पडलं. चुकीचा आकडा बघून कुणी इन्सुलिन जास्त घेतलं, तर काही तासांत जिवावर बेतू शकतं.

विक्रेते यात थोडं खरंही मिसळतात. दंडावर चिकटवायचा सेन्सर असतो, त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि तो साधारण दोन आठवडे चालतो. त्याचे आकडे फोनवर येतात, काही घड्याळांवरही दिसतात. पण मोजतो तो सेन्सर, घड्याळ नुसतं दाखवतं. आणि तो २,४९९ मध्ये जन्मभरासाठी मिळत नाही.

खरा धोका पुढे होता. पैसे परत मागायला मामांनी खोक्यावरच्या नंबरवर फोन केला, तो बंद. दोन दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून गोड आवाज आला: "सर, रिफंड मंजूर झालाय, फक्त एक ॲप टाका आणि यूपीआयचा पिन द्या." मामींनी फोन हिसकावून घेतला, म्हणून बँकेतले पैसे वाचले. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो पैसे पाठवताना लागतो. असा फोन आला आणि पैसे गेले, तर क्षणभर न थांबता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवा. खोट्या मालाची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करता येते.

त्यासाठी पार्सलवरचं लेबल जपून ठेवा, फोटो तरी काढा. पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि ट्रॅकिंग नंबर त्यावरच असतो. आमचा खोका रद्दीत गेला होता. डिलिव्हरीचा मेसेज मामांच्या फोनमध्ये राहिला होता, त्यातल्या ट्रॅकिंग नंबरच्या आधारे तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.