सारंगखेड्याच्या बाजारातलं खोगीर: रेवालला झकास, भाल्याला जरा थांबा

दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्यांच्या बाजाराला लागूनच साजाची दुकानं बसतात. टांगलेली कडी भाल्याने टिपणं, जमिनीत रोवलेली खुंटी उचलणं असे खेळ शिकू पाहणारेही इथूनच खोगीर नेतात. हा आढावा त्यांच्यासाठी. माल असा: लाकडी सांगाडा, पुढे-मागे उंच, वर लाल मखमल, पितळी फुलं; सोबत तंग (खोगीर बांधायचा, पोटाखालून जाणारा पट्टा), रिकिबी आणि लगाम.

रेवाल चालीसाठी संच चांगला. त्या चालीत पाठ फारशी उसळत नाही, मखमलीवर स्वार ऐटीत दिसतो. दुकानदाराचं ‘एक नंबर शे, भाऊ’ तेवढ्यापुरतं खरं. मध्ययुगीन युरोपातले सरदारही प्रवासाला अशा मऊ चालीचाच घोडा घेत आणि भाल्याच्या द्वंद्वाला वेगळ्या, दणकट घोड्यावर चढत. साजही बदलत. इथे मात्र दोन्हीला एकच खोगीर गळ्यात मारतात.

त्या द्वंद्वात भाल्याचा तडाखा समोरून ढालीवर किंवा चिलखतावर बसे. स्वार मागे उडू नये म्हणून खोगिराची मागची बाजू कमरेला कवेत घेई. खुंटी उचलताना तसा तडाखा नसतोच. उजवीकडे पार खाली वाकावं लागतं. तेव्हा या खोगिराचा पुढचा उठाव पोटात रुततो आणि मागचा कंबर वळू देत नाही. कडी टिपायला ताठ बसावं लागतं, तिथे हेच खोगीर चालून जातं. खुंटीसाठी ठेंगणंच घ्या. बसल्यावर पोट आणि पुढचा उठाव यांत चार बोटं जागा हवी.

घेण्याआधी खोगीर उलटं करा. दोन्ही हातांनी सांगाडा दाबा. करकरला तर आतला सांधा सुटलाय, मखमलीखाली ते दिसत नाही. गादीवरून तळहात फिरवा. गाठी लागल्या तर दोन दिवसांत घोड्याच्या पाठीला फोड येणार. मग स्वार बसवून पाहा: घोड्याच्या मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर तीन बोटं सहज जायला हवीत. बाजारात उभ्या घोड्यावर नुसतं ठेवून दाखवतात, त्यावर जाऊ नका; वजन पडलं की खोगीर खाली बसतं.

तंग ही संचातली सगळ्यात कच्ची वस्तू. एकच, अरुंद, नायलॉनचा. स्वार एका बाजूला झुकला की खोगीर त्याच्यासोबत फिरतं. रुंद सुती तंग वेगळे घ्या, दोन, आणि छातीपट्टाही. आवळताना घोडा पोट फुगवतो, म्हणून दहा मिनिटं चालवून पुन्हा आवळायचं. रिकिबी नक्षीदार पण अरुंद आहेत. बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी हवी, नाहीतर पडल्यावर पाय अडकतो आणि घोडा फरफटत नेतो. काटेरी लगाम तर दुकानातच ठेवा. भाला उजव्या हातात असताना डाव्या हाताने बसणारा एक हिसका घोड्याचं तोंड फाडायला पुरे.

भाल्यासाठी भरीव बांबू घ्या. बांधावर वाळलेला, आतून किडलेला नको; चीर दिसली की बाद. युरोपातल्या त्या द्वंद्वातले भाले मुद्दाम मोडतील असे करत, मोडला की गुण मिळे. पण १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री अशाच मोडलेल्या भाल्याची ढलपी शिरस्त्राणातून आत घुसून मेला. म्हणून माणसासमोर माणूस हा प्रकार हौसेनेही करायचा नाही.

सुरुवात कडीपासून करा. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये हा राज्याचा अधिकृत खेळ आहे, १९६२ पासून. तिथे साधारण ७३ मीटरच्या धावेत तीन कड्या टिपतात. मोठी कडी साडेचार सेंटिमीटरच्या आतबाहेर, सगळ्यात लहान सहा मिलिमीटरची. आपण बांगडीएवढ्या कडीने सुरू करावं आणि वर पांढरा दोरा गुंडाळावा, म्हणजे धावत्या घोड्यावरून ती दिसते. धावपट्टी काळ्या रानात आखली तर आधी भेगा बुजवा. पाऊस सरून महिना झाला की त्यात खूर जातो.

भाव बोलाल तसा. तंग, रिकिबी आणि लगाम संचातून वगळून फक्त खोगिराचा भाव विचारा. दुकानदार आधी नाही म्हणतो, यात्रेच्या शेवटच्या दिवसांत देतो.