नवं हेवी लायसन्स, दोन निरोप: राज्यातली पगारी गाडी की किलोमीटरवरची लाईन?

हेवी लायसन्स काढून, जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून वर्षभरात हात बसला, की नव्या माणसाला कामाचे साधारण दोन निरोप येतात. एक असतो चाकण किंवा भोसरीच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा. बंद कंटेनर गाडी, चाकण, भिवंडी, नाशिक, वाळूज एवढ्यातच फेऱ्या, ठरलेला पगार आणि रोजचा भत्ता. दुसरा गावाकडच्या, दोन-तीन गाड्या असलेल्या मालकाचा. दहा चाकी उघडी गाडी, नॅशनल परमिट, लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरून बेंगळुरू, चेन्नई, कधी थेट कोलकाता, आणि पैसे किलोमीटरवर.

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ड्रायव्हरांचे हिशेब लिहितो. ठरलेलं किती होतं आणि हातात किती पडलं, हे दर महिन्याला माझ्या वहीत दिसतं. नव्या माणसाने पहिली दोन वर्षं पगारी गाडी धरावी असं माझं ठाम मत आहे. ते कुठे लागू पडत नाही तेही पुढे सांगतो.

आकडा मोकळा करून बघा

मालक म्हणतो, "महिन्याला बत्तीस हजार कुठं गेले नाहीत." कंपनीचा सुपरवायझर म्हणतो एकोणीस. बरीच पोरं इथेच मालकाला हो म्हणून मोकळी होतात. दोन्ही आकडे कागदावर मांडू. रकमा समजण्यापुरत्या धरल्या आहेत, तुम्ही तुमच्या घाला.

कंपनीत पगार 19,000 आणि 26 दिवसांचा रोज 300 प्रमाणे भत्ता. भत्ता सगळा जेवणखाणात गेला असं धरा. पगारातून पीएफचे 1,800 आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, शे-दीडशे कापले, की 17,000 उरतात. पीएफचे 1,800 तुमच्याच नावावर साठतात. तेवढीच रक्कम कंपनीही भरते, तिच्यातला मोठा भाग पेन्शन खात्यात जातो.

मालकाकडे किलोमीटरला 4 रुपये आणि महिन्याला 8,000 किलोमीटर, म्हणून 32,000. पण जेवण तुमचं. 28 दिवस रोज 300 धरले तर 8,400 गेले, उरले 23,600. चांगल्या महिन्यात मालकाची गाडी सहा-साडेसहा हजारांनी पुढे आहे, हे खरंच आहे. आता परतीचं भाडं मिळेना म्हणून गाडी चेन्नईत चार दिवस उभी राहिली आणि महिन्याचे 6,500 किलोमीटरच झाले, तर 26,000 वजा 8,400, म्हणजे 17,600. कंपनीच्या बरोबरीला आलात, शिवाय पीएफ नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, की गाडी उभी राहिली तर मला काय मिळतं? गाडी अडकून राहिल्याबद्दल माल पाठवणाऱ्या पार्टीकडून मिळणारे पैसे, म्हणजे हॉल्टिंग, बहुतेक ठिकाणी मालकाच्या खिशात जातात. ड्रायव्हरला त्यातला वाटा देणारे मालक आहेत. तो वाटा किती, हे कामावर जाण्याआधी बोलून घ्या.

डिझेलचा ॲव्हरेज

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. बरेच मालक ॲव्हरेज, म्हणजे लिटरला गाडी किती किलोमीटर गेली पाहिजे, हे ठरवून देतात आणि तो बसला नाही तर फरक ड्रायव्हरच्या नावावर मांडतात. समजा 4 चा ॲव्हरेज ठरला आणि गाडीने 3.8 दिला. 6,500 किलोमीटरला सुमारे 85 लिटर डिझेल जास्त लागलं. लिटरला 90 रुपये धरले तर साडेसात हजारांच्या वर गेले, आणि वरच्या 17,600 मधून दहा हजारच राहिले. गाडी जुनी असेल, भार जास्त असेल, रस्ता घाटाचा असेल, तर यात ड्रायव्हरचा काहीच दोष नसतो.

पैशापेक्षाही मोठी गोष्ट पुढे आहे. ज्याच्या पगारातून डिझेल कापलं जातं तो डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतो. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर जड वाहनांचे अपघात पुन्हा पुन्हा झाले, आणि त्यांच्या कारणांत न्यूट्रलवर गाडी सोडणं हे कारण सतत पुढे आलं. गिअर काढला की इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वेळी पेडल दाबून गाडी थांबत नाही. नव्या ड्रायव्हरला हे माहीत असतं. तरीही पगारातून डिझेल कापलं जाणार असेल तर हात गिअरकडे जातोच. त्यामुळे ॲव्हरेजची कपात असलेली नोकरी नव्या माणसाने घेऊ नये, मग ती कंपनीची असली तरी. ॲव्हरेज चांगला दिला तर बक्षीस देणारे काही ठिकाणी आहेत. त्याला माझी हरकत नाही, पण बक्षीस मोठं असेल तर तिथेही हाच मोह होतो.

"रोज घरी" म्हणजे नक्की काय?

कंपनीवाले सांगतात, राज्यातल्या राज्यात काम आहे, घर सुटणार नाही. अर्धं खरं आहे. मुंबई, ठाणे, पुण्यात गर्दीच्या वेळी जड वाहनांना प्रवेशबंदी असते, म्हणून यातल्या बऱ्याच फेऱ्या रात्री निघतात. घरी याल, पण सकाळी आठला, आणि पोरं शाळेला निघाल्यावर तुम्ही झोपायला. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर ही झोप होत नाही. ड्युटी किती वाजता सुरू होते, लागोपाठ किती रात्री असतात, आठवड्याची सुट्टी ठरलेली आहे का, हे विचारा.

1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा घातली होती, आणि सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. प्रत्यक्षात गेटवर थांबलेले तास कोणी कामात धरत नाही. चाकणला गेटबाहेर सहा तास रांगेत काढून तुम्ही रात्री अकराला भिवंडीकडे निघालात, तर सुपरवायझरच्या लेखी तुमचा दिवस अकराला सुरू झाला. अशा वेळी "आज मी निघणार नाही" म्हटलेलं तिथे चालतं का, हे त्याच कंपनीच्या ड्रायव्हरला चहाच्या टपरीवर गाठून विचारा. ऑफिसात खरं उत्तर मिळणार नाही.

लांबच्या लाईनवर सलग मोकळा रस्ता मिळतो, आणि नव्या हाताला तो कधी कधी सोपाही जातो. राज्यातल्या कामात कसारा आणि बोरघाट आहेत, भिवंडीच्या गोदामांच्या गल्ल्या आहेत, रोज चार वेळा रिव्हर्स आहे. पण इथे ब्रेकडाऊन झालं तर दोन-चार तासांत कोणीतरी पोचतं. दुसऱ्या राज्यात रात्री दोनला, भाषा येत नसताना, नवा माणूस एकटा पडतो.

नुकसान कोणाच्या नावावर

उघड्या गाडीत मालाची तूट, भिजलेला कांदा, फाटलेली ताडपत्री, बाजारातली वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), फुटलेला टायर, चलन, यांतलं काय ड्रायव्हरकडून कापणार, हे एकेक नाव घेऊन विचारा. "बघू नंतर" असं उत्तर आलं तर ते कापणारच असं धरा.

जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 दंड आहे. तो मालक भरेलही. पण जादा भारासाठी लायसन्स निलंबित होऊ शकतं, आणि ते तुमचं असतं. "दोन टनानं काय होतंय" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

गाडीच्या विम्याची प्रत मागून बघा. 15 लाखांचं जे सक्तीचं वैयक्तिक अपघात कवच असतं ते गाडी चालवणाऱ्या मालकासाठी असतं, पगारी ड्रायव्हर त्यात येत नाही. पगारी ड्रायव्हरची जबाबदारी पॉलिसीत वेगळी लिहिलेली असते, ती ओळ शोधा. कंपनीत ईएसआय असेल तर कामावरच्या इजेला पहिल्या दिवसापासून आधार मिळतो आणि घरच्यांचे उपचारही होतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय आणि वीस असतील तर पीएफ, हा साधारण नियम. दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे यातलं काही नसतं, आणि त्यात त्याची लबाडी नसते.

उचल

गावच्या मालकाची खरी ताकद इथे आहे. बहिणीचं लग्न, आईचं ऑपरेशन, घराचा पत्रा, अशा वेळी तो पन्नास हजार काढून देतो. कंपनी देत नाही. ही मदत मी कमी लेखत नाही. पण अंगावर उचल असताना खराब टायरची गाडी नाकारता येत नाही, आणि झोप आली म्हणून थांबताही येत नाही. घ्यायचीच असेल तर दर महिन्याला किती फिटणार ते दोघांच्या सहीने लिहा. मूळ लायसन्स आणि आधार कार्ड मालकाकडे ठेवायला देऊ नका.

उरणच्या बंदरावरचा ट्रेलर किंवा टँकर असा तिसरा निरोप आला तर थोडं थांबा. चाळीस फुटी कंटेनर मागे घेणं हे पहिल्या वर्षाचं काम नाही. तिथे अंतर कमी आणि रांग लांब, म्हणून किलोमीटरवर तर मुळीच जाऊ नये. धोकादायक मालाच्या टँकरला वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. ती करून ठेवली तर पुढे चांगल्या कंपन्यांत उपयोगी पडते.

गाडी बघूनच हो म्हणा. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, पण नव्या माणसाला बहुधा जुनीच गाडी मिळते. टायर, हवेचं प्रेशर, हँडब्रेक, वायपर, सीट बघा आणि एक फेरी मारून या.

आता माझं मत कुठे उलटतं ते. कंपनी नेमणुकीचं पत्र देत नसेल, पगार रोखीने देत असेल, महिना उलटूनही पीएफचा यूएएन, म्हणजे तुमच्या नावचा खातेक्रमांक, हातात येत नसेल, तर ती नावाचीच कंपनी आहे. आणि गावचा मालक पहिल्या काही फेऱ्यांना जुना वस्ताद सोबत देणार असेल, डिझेलची कपात लावणार नसेल, उभ्या दिवसाचे पैसे देणार असेल, तर त्या दोघांत मी गावच्या मालकाकडे जाईन.