सी-व्हिजिल अ‍ॅप: तक्रार केली आणि बॅनर खरंच उतरला

2024 च्या विधानसभेला पहिल्यांदा वापरलं म्हणून लिहितोय. आचारसंहिता मोडलेली दिसली की तक्रार करायचं निवडणूक आयोगाचं अ‍ॅप आहे, फुकट आहे, 2018 पासून आहे, तरी आमच्या बिल्डिंगमधे कोणाला नावसुद्धा माहीत नव्हतं.

15 ऑक्टोबरला आचारसंहिता लागली आणि तरी दिवाळीत आमच्या स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडवर निवडून आलेल्या साहेबांचा हात जोडलेला शुभेच्छांचा बॅनर, खाली टेबल टाकून त्यांचाच फोटो छापलेली उटण्याची पाकिटं वाटणं चालू. आधी असं काही दिसलं की मी नुसता चिडायचो. यावेळी फोन काढला.

वापरायला सोपं आहे, फोटो काढा नाहीतर दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ, लोकेशन आपोआप जातं. गॅलरीतला जुना फोटो मात्र घेत नाही, जागेवर उभं राहून अ‍ॅपमधूनच काढावा लागतो, आणि हे बरोबरच आहे नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही लोकांनी टाकलं असतं. नाव न देताही तक्रार होते पण मग पुढे काय झालं ते कळत नाही. मी नाव दिलं, नियम त्यांनी मोडलाय, मी कशाला लपू?

100 मिनिटांत निकाल लावायचा असा नियम आहे, त्यातली 15 मिनिटं भरारी पथकाला पोचायला. मी समोरच्या टपरीवर चहा घेत थांबलो. गाडी आली, दोघं उतरले, एकाने फोटो घेतले, दुसऱ्याने कटरने सुतळी कापली आणि साहेबांची घडी करून बॅनर डिकीत टाकला. टेबलवाला तोपर्यंत पाकिटं पिशवीत कोंबून पसार झाला होता, तेवढं राहिलं. पण इतक्या वर्षांत आपल्या तक्रारीवर कोणीतरी धावत आलंय हे मी पहिल्यांदा बघितलं, खरंच भरून आलं.

कमी एकच, हे फक्त निवडणुकीपुरतं चालतं. बेकायदा बॅनरला 1995 च्या विद्रूपीकरण कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, दोन हजारांपर्यंत दंड आहे, आणि तो कायदा बारा महिने लागू असतो. मग 100 मिनिटांचं घड्याळ फक्त मत मागायच्या दिवसांतच का? पुढच्या वर्षी त्याच खांबावर वाढदिवसाचा बॅनर लागला, मी लेखी तक्रार देऊन शिक्क्याची पोच घेतली, ती अजून घरी फाईलला आहे, बॅनर पावसात आपणहून फाटला.

पाचपैकी चार स्टार. मतदानाआधी सगळ्यांनी डाऊनलोड करून ठेवा.