रिकुवा, विनएफआर की फोटोरेक? शिफ्ट-डिलीट झाल्यावर काय निवडायचं

मार्चअखेरीला सोसायटीच्या खजिनदार काकांनी जुन्या फाईल्स साफ करताना 'मेंटेनन्स' नावाचं अख्खं फोल्डर शिफ्ट-डिलीट करून टाकलं. त्यामुळे रिसायकल बिनमध्येही काही नव्हतं. फोनवर म्हणाले, "एखादं चांगलं सॉफ्टवेअर सांग रे, टाकून बघतो." म्हटलं, "काका, काही टाकू नका. आधी कॉम्प्युटर बंद करा, मी येतो."

डिलीट केल्यावर विंडोज फाईलचा मजकूर पुसत नाही. एनटीएफएस (विंडोजची ड्राइव्हवर फाईल्स मांडायची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर प्रत्येक फाईलची नोंद मास्टर फाईल टेबल नावाच्या सूचीत असते. त्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण होते आणि तिची जागा मोकळी धरली जाते. मजकूर मात्र तिथेच पडून असतो, दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. त्याच ड्राइव्हवर नवं सॉफ्टवेअर उतरवलं, तर ते नेमकं त्या जागेवरही बसू शकतं. काकांची फाईल सुदैवाने जुन्या डेस्कटॉपच्या डी ड्राइव्हवर होती. सी ड्राइव्हवर असती, तर हार्ड डिस्क काढून यूएसबी केबलने दुसऱ्या मशीनला लावली असती, कारण सी वर विंडोज स्वतःच सतत काहीतरी लिहीत असतं.

सॉफ्टवेअर निवडण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली डिस्कचा प्रकार बघा. एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर आशा कमी. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, डिलीट झालेल्या जागेची खबर 'ट्रिम' आज्ञेने एसएसडीला जाते आणि ती जागा बऱ्याचदा लगेच शून्य दिसू लागते. मग नाव सापडतं, आकारही बरोबर दिसतो, पण आत काही नसतं. गंमत म्हणजे सातशे बाइटच्या आतली एखादी चिमुकली टेक्स्ट फाईल वाचू शकते, कारण तेवढा मजकूर टेबलमधल्या नोंदीतच मावतो. एक्सेलला हे नशीब नाही.

हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असेल तर पुढचं बोलू.

रिकुवा आणि मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाईल रिकव्हरी (आज्ञेत नाव विनएफआर) ही दोन्ही आधी ती नोंदच वाचतात. त्यामुळे फाईलचं नाव आणि फोल्डर बहुतेक शाबूत मिळतात. रिकुवा घरच्या माणसाला सोपं. यादीत हिरवा, नारिंगी, लाल ठिपका दिसतो (हिरवा म्हणजे फाईल मिळायची आशा चांगली, लाल म्हणजे जवळपास नाही) आणि पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालते. ठिपक्यावर मात्र आंधळा विश्वास नको. हिरवी फाईलही परत आणल्यावर उघडून बघायची. विनएफआर २०२० मध्ये आलं, फुकट आहे, पण विंडोज १० ची '२००४' क्रमांकाची आवृत्ती (हे साल नव्हे) किंवा त्यापुढचीच हवी, आणि सगळं काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून. मूळ आणि परत आणायचा ड्राइव्ह वेगळाच लागतो, अशी त्याची सक्ती आहे. मला ती आवडते, कारण घाईत माणूस नेमकी तीच चूक करतो. तरी काकांच्या हातात मी रिकुवाच देईन.

फोटोरेकचा खाक्या वेगळा. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे मुक्त सॉफ्टवेअर फाईल शोधताना टेबलकडे बघतच नाही. डिस्क सुरुवातीपासून वाचत जातं आणि फाईलची ओळखीची सुरुवात दिसली की तिथून उचलतं. म्हणून ड्राइव्ह फॉरमॅट झाला असेल, टेबलच खराब असेल, तर हेच कामाचं. किंमत मोजावी लागते ती नावाची. सगळं 'रिकप' फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावाने येऊन पडतं, आणि तुकड्यातुकड्यांत साठलेली फाईल बऱ्याचदा अर्धवट येते. टेबल शाबूत असेल तर चालवताना पूर्ण पार्टिशनऐवजी (म्हणजे अख्ख्या ड्राइव्हऐवजी) फक्त मोकळी जागा शोधायचा पर्याय निवडा, नाहीतर न गेलेल्या फाईल्सचाही ढीग होतो.

आमच्याकडे दोन्ही चालवावी लागली. रिकुवाने एकेचाळीसपैकी पस्तीस एक्सेल फाईल्स नावासकट दिल्या, पण सहा लाल. त्यांच्यासाठी फोटोरेक लावलं. जिथे वर दुसरं लिहिलं गेलंय तिथे तेही हात टेकणार, हे मला माहीत होतं. पण एक्सेल सेव्ह करताना बहुधा नवी तात्पुरती प्रत लिहून जुनीच्या जागी ठेवतं, त्यामुळे जुन्या प्रती नोंदीविना डिस्कवर पडून राहू शकतात. टेबल वाचणाऱ्याला अशा प्रती दिसत नाहीत. त्या ढिगात सहापैकी चार फाईल्सच्या आधीच्या प्रती निघाल्या. एक तर जानेवारीपर्यंतची. काकांनी एकेक उघडून, फ्लॅट नंबर बघून नावं लावली. दुपार गेली.

पैसे देऊन घ्यायच्या प्रोग्रॅम्सचं थोडक्यात. बहुतेक ठिकाणी फुकट स्कॅन करून यादी आणि पूर्वदर्शन दिसतं. तुमची फाईल पूर्वदर्शनात नीट उघडली तरच पैसे भरा. नुसतं नाव दिसलं म्हणून भरू नका.

आणि डिस्कमधून टिकटिक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, किंवा कॉम्प्युटरला ती दिसतच नसेल, तर वरचं काहीही चालवू नका. प्रत्येक स्कॅनने बिघाड वाढू शकतो. अशी डिस्क धूळविरहित खोली असलेल्या लॅबमध्येच उघडायची. कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा "मी खोलून बघतो" म्हणाला, तर डिस्क परत घ्या. लॅबला दोन गोष्टी आधी विचारा: डेटा मिळाला नाही तर किती द्यायचे, आणि पैसे भरण्याआधी सापडलेल्या फाईल्सची यादी दाखवणार का.

राहिलेल्या दोन फाईल्स काकांनी पावतीपुस्तकं समोर ठेवून पुन्हा टाइप केल्या. मीच वाचून दाखवत होतो, बी विंगपासून.