सरकारविरुद्धची दरखास्त: चालते, पण कागद चोख हवेत

नाशिकमध्ये भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा निकाल हाती आहे, पैसे मात्र नाहीत, अशांसाठी दिवाणी न्यायालयातली दरखास्त (निकालाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज) हा खात्रीचा मार्ग. पाचपैकी साडेतीन गुण.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 82 मुळे सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्यावर (निकालाच्या औपचारिक आदेशावर) तीन महिने थांबावं लागतं. महापालिकेला ही सवलत नाही, तरी लोक उगाच थांबतात! दरखास्त दाखल करायची मुदत 12 वर्षांची. पण दोन वर्षं उलटली की त्याच संहितेच्या आदेश 21, नियम 22 ची नोटीस (दरखास्त का चालवू नये, हे समोरच्याला विचारणारी) आधी बजवावी लागते आणि तारखा वाढतात.

खरी मेख हिशेबात. 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिलं वर्ष 9 टक्के, पुढे 15 टक्के व्याज. अर्धवट भरणा आला तर त्या टप्प्याच्या रकमेतून आधी व्याज वळवा, मग मुद्दल. थेट मुद्दलातून वजा केलंत तर नुकसान तुमचंच. हिशेबाचा तक्ता चुकला की सरकारी वकील हरकत घेणार, हे धरूनच चाला.

जप्तीच्या यादीत ‘कार्यालयातील सामान’ असं मोघम लिहू नका; बेलीफ (जप्ती करणारा न्यायालयाचा कर्मचारी) रिकाम्या हाताने परततो. वाहनाचा नोंदणी क्रमांक द्या. खुर्च्या-संगणक उचलून फोटो चांगला येतो, रक्कम वसूल होत नाही; साहेबांची गाडी अडकली की फाइल हलते.

‘अपील केलंय’ एवढ्यावर दरखास्त थांबत नाही. स्थगितीचा आदेश दाखवा म्हणा.